पाळण्याची जागा

गाडीतल्या स्पीकरांवर मी कोणाशीही तासभर बोलू शकतो, आणि मागच्या उन्हाळ्यापर्यंत बोलतही होतो. देऊळघाटात कोणी नवी गाडी घेतली की मी न बोलावता हजर. कंपनीतून येतो तो बहुधा कोएक्सियल स्पीकर. एकाच गोलात मोठा स्पीकर आणि त्याच्या मधोमध बारीक आवाजाचा ट्वीटर. बसवायला सोपा, पण सगळं गाणं गुडघ्यापाशी ऐकू येतं. कंपोनंट घेतला तर दोन्ही वेगळे मिळतात. ट्वीटर वर काचेच्या कडेला बसवला की गाणारा समोर बसल्यासारखा वाटतो. पण भीमगीतातली ढोलकी छातीत वाजायची तर सबवूफरच पाहिजे. तो सीटखाली मावणारा चपटाही मिळतो. मी मात्र डिकी भरून टाकणारा डबा घेतला आणि बोल्टांनी आवळून घेतला.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. बाळासह तिला लोणारला सासरी पोचवायचं होतं. आमच्याकडे पहिल्या नातवंडाबरोबर आजोळचा पाळणा जातो. ती स्वतः ज्यात झोपली तोच लाकडी पाळणा मी पॉलिश करून ठेवला होता. निघताना डिकी उघडली तर पिशव्याच कशाबशा मावल्या. बायको म्हणाली, डबा काढा. मी म्हणालो, वायरिंग बिघडेल, पाळणा मागून नेतो. खरं म्हणजे घ्यायला आलेले जावई पुढे माझ्याशेजारी बसणार होते आणि मला त्यांना ती ढोलकी ऐकवायची होती.

ऐकवलीच नाही. चिखली यायच्या आतच बाळ झोपलं आणि लोणारपर्यंत आम्ही कुजबुजत गेलो.

विहीणबाईंनी दारात बाळाला ओवाळलं. शेजारणी जमल्या होत्या. आत आढ्याच्या कडीला नवी दोरी बांधून तयार होती. पिशव्या काढायला डिकी उघडली तशा सगळ्या पाळणा बघायला वाकल्या. एकीनं विचारलं, ही पेटी कायची हाय? मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "मीच म्हटलं बाबाले, पाळणा मागून आना. पॉलिश वलंच होतं."

पॉलिश वाळून आठवडा झाला होता. लेकीनं सासरी पाऊल ठेवता ठेवता माझ्यासाठी खोटं बोलावं, याची इतकी लाज वाटली की चहाचा कप हातात घेऊनही माझी मान वर झाली नाही.

घरी येऊन मी डबा काढला. पण लगेच पेरणी आली, मग पाऊस लागला, आणि जाणं राहत गेलं. शेवटी पाळणा घेऊन गेलो तेव्हा त्या कडीला विहीणबाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली होती. मुलीनं बाळाला पाळण्यात निजवून पाहिलं, तर ते रडून लाल झालं. झोळीत टाकताच गप्प.

"आता त्याले झोळीचीच सवय झाली, बाबा," ती म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

विहीणबाईंनी पाळणा खाटेखाली सरकवला, बाळाची दुपटी घडी घालून त्यात ठेवली आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "कामी आला पाहा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.