प्रितम पाटोळेची साक्ष

प्रितम पाटोळेला यंदा कुणी चांगलं म्हटलं की त्याला तिथून पळून जावंसं वाटायचं, आणि वर्ष असं निघालं की जो भेटेल तो चांगलंच म्हणायचा. चिखलीतल्या पत्र्याच्या छपराच्या चर्चमध्ये पाटोळे कुटुंबाचं नाव मार्चपासून सगळ्यांच्या तोंडी होतं. दर रविवारी उपासना संपली की बाकीचे लोक मटणाच्या दुकानाकडे वळायचे आणि हा माणूस भाकऱ्यांची पिशवी घेऊन सरकारी दवाखान्यात जायचा. तिथून कुरुळीला, एका जखमी कामगाराच्या खोलीवर. बायको साधना बरोबर असायचीच. तिनं महिला मंडळालाही कामाला लावलं, आणि बघता बघता पेशंटच्या नातेवाइकांसाठी भाकऱ्या थापणं हा सगळ्या चर्चचाच नेम होऊन बसला.

विश्वास असावा तर असा, असं लोक म्हणायचे. विश्वास होता, नाही असं नाही. पण प्रितमच्या पायाला जी भिंगरी लागली होती ती विश्वासाची नव्हती. ती कशाची होती हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरे त्याचे सुपरवायझर उद्धवराव.

प्रितम मूळचा नेवाशाकडचा. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. आयटीआय करून तो इकडे आला आणि चाकणच्या बाजूला एका लहान कंपनीत प्रेस मशीनचा सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, म्हणून लागला. वीस वर्षांत कंपनीचे तीन मालक बदलले, पण हा टिकला. कारण एकच, वरच्याला उलटून बोलायचं नाही. गरीब गाय, असं त्याला लोक कौतुकानं म्हणायचे, आणि त्यालाही ते कौतुकच वाटायचं. इथंच त्याचं चुकलं.

प्रेस मशीनपुढे एक सेन्सर असतो. माणसाचा हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. मार्चमधल्या त्या दुपारी हा सेन्सर काही कारण नसताना सारखा मशीन अडवत होता. माल न्यायला गाडी गेटवर उभी होती. उद्धवराव म्हणाले, कर बंद, एवढा लॉट निघू दे. प्रितमनं चावी फिरवली. पाऊण तासानं त्या मशीनवर बुद्धरत्नच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

बुद्धरत्न परभणीकडचा, ठेकेदाराचा कामगार, विधवा आईला घेऊन कुरुळीत एका खोलीत राहणारा. चौकशी झाली तेव्हा प्रितमनं लिहून दिलं की सेन्सर चालू होता आणि आपण तेव्हा चहाला गेलो होतो. उद्धवरावांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द. कामगारानं निष्काळजीपणे हात घातला, असं ठरलं. ठेकेदारानं त्याला काढून टाकलं, आणि तो शिक्का असा बसला की दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या गेटवर त्याला कुणी उभं करीना. मग त्यानं कामगार न्यायालयात दावा लावला. बारा जानेवारीची तारीख होती आणि साक्षीदार एकही नव्हता.

भाकऱ्यांची सुरुवात अशी झाली होती. पहिल्या रविवारी प्रितम दवाखान्यात गेला तो खरं सांगायलाच. पण खाटेवरचा बुद्धरत्न त्याला बघून उठून बसला आणि भाऊ, तुम्ही तरी आलात, म्हणाला. प्रितमनं डबा पुढे केला. पुढच्या रविवारी पुन्हा सांगायला गेला, पुन्हा डबाच देऊन आला. दहा महिने हेच चाललं होतं. मध्ये एकदा बुद्धरत्ननं हळूच विचारलं होतं की भाऊ, तुम्ही सेटर, त्या सेन्सरमध्ये काही बिघाड होता एवढं जरी कोर्टात सांगितलंत तरी चालेल. प्रितमनं कालवणात मीठ बरोबर आहे ना, असं विचारून विषय बदलला. आठवलं की आजही त्याचे कान तापायचे.

नोव्हेंबरअखेर चर्चच्या पाळकसाहेबांनी घरी येऊन सांगितलं की नाताळच्या उपासनेत या वर्षीची साक्ष प्रितमनं द्यायची. चर्चमध्ये साक्ष द्यायची म्हणजे पुढे उभं राहून देवानं वर्षभरात आपलं काय भलं केलं ते सांगायचं. कुणाचा मुतखडा पडलेला असतो, कुणाच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. सांगणारा रडतो, ऐकणारे आमेन म्हणतात. प्रितमनं नको म्हणून पाहिलं. पाळकसाहेबांना तो विनय वाटला आणि ते जास्तच पेटले.

मग डिसेंबरभर या माणसाला एका जागी बसवेना. गॅलरीतली कागदी चांदणी त्यानं तीनदा काढून तीनदा लावली. करंज्या तळताना तो साधनाच्या मागे असा घुटमळला की तिनं झारा उगारून त्याला बाहेर घालवलं. मुलगी तनुजा बारावीला होती, तिनं साक्षीचं भाषण लिहून दिलं. 'देवानं आम्हाला सेवेची संधी दिली,' हे पहिलंच वाक्य. प्रितम ते पाठ करायला बसायचा आणि पहिल्या वाक्यावरून पुढे सरकायचाच नाही.

साधनानं तेवढ्यात कुरुळीला फोन करून बुद्धरत्नला आमंत्रण देऊन टाकलं. नाताळला आईला घेऊन चर्चला ये, जेवायला घरी ये. हे साक्ष देणार आहेत, सगळं तुझ्याबद्दलच आहे. फोनवर त्यानं, साक्ष ना, नक्की ना, असं दोनदा विचारलं. पोराला भरून आलं बिचाऱ्याला, असं साधना नंतर सांगत होती.

नाताळच्या सकाळी चर्चच्या दारात बुद्धरत्न आणि त्याची आई कस्तुराबाई उभी होती. तिनं कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं. त्याच्या काखेत कागदांची निळी प्लास्टिकची फाइल होती. नाताळला फाइल कशाला, हे प्रितमला कळेना. ते कस्तुराबाईनंच सांगितलं.

"लेकरानं सांगितलं, तुमी साक्ष द्यायलाव म्हणून. मी म्हणलं, चल, मी बी येते. वकिलाकडनं कागद आणलाय, त्याच्यावर सही लागंल म्हणे."

बारा गावचं पाणी प्यालेल्या वकिलाला जमलं नसतं ते 'साक्ष' या एका शब्दानं केलं होतं. मावशी, ही ती साक्ष नव्हे, एवढंच सांगायचं होतं. पण बाई त्याच्याकडे अशी बघत होती, की त्याच्या तोंडून, आत बसा, पुढे जागा आहे, असं निघालं. दोघं जाऊन थेट पहिल्या बाकावर बसली.

उपासना सुरू झाली. पहिलं गीत संपलं की जाऊन कानात सांगू, असं प्रितमनं ठरवलं. गीत संपलं, प्रार्थना लागली. प्रार्थना संपली की सांगू. तेवढ्यात लहान मुलांचा गव्हाणीतल्या येशूजन्माचा प्रसंग लागला आणि मेंढपाळ झालेल्या पोराची दाढी गळून पडली, सगळं चर्च हसलं. कस्तुराबाई हसली नाही. ती मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी धरून व्यासपीठाकडे बघत होती. प्रितम उठून पुन्हा बसला, तेव्हा साधनानं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. तिला वाटलं, घाबरलाय.

आणि पाळकसाहेबांनी नाव पुकारलं.

तो पुढे गेला. तनुजाचा कागद उघडला तर अक्षरं दिसेनात. जवळचं वाचायचा चष्मा साधनाच्या पर्समध्ये. हा माणूस चष्मा कुठेही विसरतो म्हणून तो कायम तिच्याकडेच असायचा. साधना पर्स उघडून उठू लागली. प्रितमनं हातानं तिला बस म्हटलं आणि कागदाची घडी घातली.

"सेन्सर मी बंद केला होता," तो म्हणाला. "चहाला मी गेलोच नव्हतो. मशीनपाशीच होतो. चौकशीत खोटं लिहून दिलं. भाकऱ्या मी त्यापायीच नेत होतो."

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आबाजींना ऐकायला कमी येतं. त्यांनी सवयीप्रमाणे मोठ्यानं आमेन म्हटलं, आणि ते पत्र्याखाली एकट्यानंच घुमलं. पाळकसाहेब घशातल्या घशात काहीतरी बोलले. प्रितमनं कागद खिशात घातला. तो तसाच खाली उतरला. छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. उतरलं नाही. उलट सोमवारची शिफ्ट, उद्धवरावांचं तोंड, तनुजाची फी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि त्याला भीती वाटली.

उपासना कशीबशी संपली. लोक केकच्या टेबलाकडे न जाता इकडे तिकडे उभे राहिले. बुद्धरत्न बाकावरून उठला नव्हता. प्रितम त्याच्यासमोर जाऊन थांबला. तो शिव्या देईल, नाहीतर गळ्यात पडेल, अशी दोन्हीची तयारी प्रितमनं केली होती. त्यानं दोन्ही केलं नाही. डाव्या हातानं फाइल उघडली, कागद काढून बाकावर ठेवला.

"मला अजून डाव्या हातानं लिहिता येत नाही. आत्ता बोललात ते तुम्हीच लिहा," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "आणि रविवारी भाकरी नका आणू आता. बारा तारखेला कोर्टात या."

प्रितम मान हलवून खाली बसला. कस्तुराबाईनं पदराची गाठ सोडून त्यात जपून आणलेलं पेन दिलं. पण कागदावरचं त्याला काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं, आणि पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. साधनाचा चेहरा उतरला होता. दहा महिने तिनं ज्या हातांनी भाकऱ्या थापल्या त्या हातांकडे ती बघत होती. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. चष्मा काढला, पदरानं पुसला, त्याच्यापुढे धरला.

"नीट लिहा," ती म्हणाली. "घाईत तुमचं अक्षर कुणाला लागत नाही."