उन्हामागं फिरणारं टेबल

सुताराच्या शेडमधला भुसा आणि किस्से, कितीही झाडा, संपत नाहीत. आमच्या देवळाली प्रवऱ्याच्या शेडमधले निम्मे किस्से तर एकट्या काशिनाथ मिस्तरींचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. शेड पुढं माझ्याकडं आलं, पण शब्द चालायचा तो त्यांचाच. हे किस्से सांगताना आम्ही हसतो. हल्ली हसू लवकर विरतं, एवढंच.

तरुणपणी त्यांनी बाभळीचं कटिंग टेबल बनवलं. खाली मोटर, वर करवतीचं गोल पातं. हलवायला चार माणसं लागायची! एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मिस्तरी, एवढं जड कशाला?"

"कापताना टेबल हललं की बोट जातं. माझी दहाच हायेत!"

*

आणि एक दिवस तेच म्हणाले, "दत्तू, टेबलाला चाकं लाव."

मी उडालोच! "कशाला?"

"सकाळी पूर्वेच्या दाराशी नेऊ, दुपारी पश्चिमेच्या. मधी लई अंधार पडतो."

शेडमध्ये चार ट्यूबलाइट जळत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, मिस्तरींना काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. बाहेर आल्यावर मिस्तरी म्हणाले होते, "डॉक्टर तरुण हाय. शिकंल हळूहळू!"

*

चार चाकं लावली. मिस्तरींनी पहिलीच फळी पात्यावर सरकवली, अन् फळीसकट टेबलच पुढं निघालं! वायर ताणली जाऊन प्लग निघाला, म्हणून वाचलो. मिस्तरी भिंतीला टेकून धापा टाकत म्हणाले, "घोडेगावच्या बाजारातली म्हैस बरी. ती दाव्याला तरी थांबती!"

*

मग ब्रेकवाली चाकं आणली. टेबल पळायचं थांबलं, पण थरथरायला लागलं. एका दाराच्या चौकटीचा कट वाकडा गेला. गिऱ्हाइकानं काटकोन बघायचा गुण्या लावून फट दाखवली. मी घाईनं म्हणालो, "चाकांमुळं झालं."

मिस्तरी बराच वेळ त्या कटावरून बोट फिरवत राहिले. "व्हय. चाकांमुळंच."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

*

उपाय शेवटी त्यांनाच सुचला. "चाकांनी फिरायचं, पायांनी थांबायचं. दोघांची कामं येगळी ठेव!"

शेजारचे वेल्डर निजामभाई. त्यांनी चाकांची लोखंडी पट्टी बिजागरीनं टेबलाखाली जोडून दिली. पायानं दांडा दाबून खिट्टीत अडकवला की चाकं खाली येतात, टेबल बोटभर उचललं जातं. हवं तिथं ढकला. खिट्टी काढली की चाकं वर, आणि टेबल धप्पकन आपल्या चार पायांवर!

निजामभाईंनी पाण्यानं भरलेला ग्लास टेबलावर ठेवला आणि मोटर चालू केली. पाणी नुसतं शहारलं, थेंब सांडला नाही. "काशिनाथराव, हे आता राजूरच्या डोंगरातसुद्धा हलणार नाही!"

मिस्तरी खुश! पाणी प्यायला त्यांनी हात पुढं केला. हात ग्लासाच्या बाजूनं गेला. निजामभाईंनी ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला.

*

हिवाळाभर टेबल उन्हामागं फिरलं. आधी दारात, मग उंबऱ्याबाहेर, मग थेट अंगणात. मिस्तरींचे कट पुन्हा सरळ यायला लागले होते.

चैत्रातली दुपार. पत्र्याला हात लाववत नव्हता, एवढं ऊन. टेबल अंगणाच्या मधोमध. मिस्तरींनी फळी धरली, पात्याजवळ नेली आणि थांबले. मान वर केली.

"दत्तू, आज लई ढग आलेत का रं?"

निजामभाईंनी वेल्डिंग थांबवून माझ्याकडं बघितलं. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता.

"व्हय मिस्तरी," मी म्हणालो, "दाटून आलंय." आणि मोटरचा प्लग काढला.

मिस्तरींनी फळी हळूच खाली ठेवली. टेबलावरून एकदा हात फिरवला.

"मग आत घे त्याला. भिजंल."