कुलूप तुटलं नव्हतं

हार्डवेअरच्या दुकानात कुलूप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय करतं ते एकदा नीट बघा. ते कुलूप तळहातावर घेतं, दोनदा वरखाली झेलतं आणि मान डोलावतं. आमच्याकडे कुलूप असंच घेतात, कलिंगड घेतल्यासारखं. जड ते मजबूत. वडिलांनी मला हेच शिकवलं होतं, आणि मीही जळगावच्या दुकानात पाच कुलपं झेलून त्यातलं सगळ्यात जड उचललं. डब्यावर ‘सात लिव्हर’ छापलेलं होतं, म्हणजे आत सात खटके. इतकं आवडलं की तसलीच दोन घेतली. त्या शहाणपणाचा मला आजही संताप येतो.

त्यातलं एक जळगावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीला लावलं, कारण नोकरीमुळे मी आठवडाभर तिथेच असतो. दुसरं धुळ्यातल्या आमच्या वस्तीच्या समाजमंदिरासाठी. सुटीला मी धुळ्याला घरी येतो, आणि समाजमंदिराच्या समितीचा सचिव आहे. सचिव म्हणजे अर्ज लिहिणारा आणि सामान आणणारा. समाजमंदिरात सकाळी वंदना होते, दिवसभर मुलं-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. दार उघडण्याचं, झाडण्याचं आणि बंद करण्याचं काम अक्कांकडे. अक्का आमच्या गल्लीतल्याच. नगरपालिकेच्या शाळेत शिपाई होत्या, निवृत्त झाल्या, आणि हे काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं.

नुसती समाजमंदिराचीच नाही, अर्ध्या गल्लीची किल्ली त्यांच्याकडे असायची. कुणी दोंडाईच्याला लग्नाला निघालं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, की घराला कुलूप घालून किल्ली अक्कांच्या हातात. त्यांच्या दाराच्या आत खिळ्यांची एक रांग होती, प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी. गावाला जाताना अक्कांना किल्ली दिली नाही तर त्या रागवायच्या. “मी मरी गयी का?” असं विचारायच्या.

जयंतीच्या आठ दिवस आधी समाजमंदिरातला अँप्लिफायर आणि दोन माइक गेले. सकाळी अक्कांनीच दार उघडलं आणि त्यांनीच आरडाओरडा करून लोक गोळा केले. नेमका रविवार होता, मी घरीच होतो. धावत गेलो आणि सगळ्यात आधी कुलूप तपासलं. माझं कुलूप ना ते. कडी शाबूत, कोयंडा शाबूत, कुलपावर साधा ओरखडा नाही. रात्री लावलं तसंच सकाळी कडीला लटकत होतं, असं अक्का स्वतः सांगत होत्या. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, सगळ्यांसमोर म्हणालो, “कुलूप तुटलेलं नाही. म्हणजे किल्लीनेच उघडलंय.”

हे वाक्य माझं आहे. समितीचं नाही, गल्लीचं नाही, माझं. मला तेव्हा चोराचा विचार करायचा नव्हता, मला माझ्या खरेदीची अब्रू वाचवायची होती. सात लिव्हरचं अर्धा किलोचं कुलूप कुणी तसंच कसं उघडेल?

किल्ल्या दोनच होत्या. एक अक्कांकडे, दुसरी माझ्याकडे. मला कुणी काही विचारलं नाही. मी सचिव, सरकारी नोकर, पायात बूट. सगळ्यांच्या नजरा अक्कांकडे वळल्या, आणि त्या वळताना मला दिसल्या, तरी मी गप्प राहिलो.

समितीचे अध्यक्ष आबा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी दुपारी बैठक बोलावली आणि अक्कांना उभं करून विचारलं, किल्ली कुणाला दिली होती का, घरी कोण पाहुणे आले होते, त्यांचा पुतण्या हल्ली काय करतो. अक्का एकदाच बोलल्या. “मी लिधं नही, आन कोणले किल्ली दिधी नही.” मग आबांनी मोठेपणा दाखवला. पोलिसांत जायचं नाही, घरातली गोष्ट घरात ठेवू, बाईचं वय झालंय, सोडून देऊ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण आम्ही त्याच्याही पुढे गेलो. आम्ही संन्याशाला माफी दिली. जिने काही केलंच नव्हतं तिला आम्ही मोठ्या मनाने क्षमा केली, आणि घरी जाऊन जेवलो.

समाजमंदिराची किल्ली आबांनी स्वतःकडे घेतली. त्यानंतर काय झालं ते मी दर सुटीला बघत होतो. अक्कांच्या घरातले खिळे एकेक करून रिकामे झाले. कुणी भांडलं नाही. “पाहुणे येणारेत”, “दुसरी किल्ली हरवलीय” असं गोड बोलून बायका आपापल्या किल्ल्या घेऊन गेल्या. जयंतीला अक्का मिरवणुकीत आल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा घरात बसल्या.

पुढे महिनाभराने जळगावात माझ्या खोलीची किल्ली हरवली, आणि दुसरी धुळ्याला घरी होती. ऑफिसात, बसमध्ये, सगळीकडे शोधली. शेवटी बाजारात छत्रीखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याला घेऊन आलो. कुलूप तोडावं लागणार, म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्याने कुलूप हातात घेतलं, पिशवीतून दोन वाकड्या तारा काढल्या आणि माझ्याकडे न बघताच काहीतरी केलं. मी खिशातून रुमाल काढून घाम पुसेपर्यंत कुलूप उघडलं होतं.

“पुन्हा करा,” मी म्हणालो. त्याने कुलूप दाबून बंद केलं आणि पुन्हा उघडलं. मी त्याला तिसऱ्यांदा करायला लावलं. त्याला वाटलं असेल, साहेबाचं डोकं फिरलंय. ते फिरलंच होतं.

“अहो, सात लिव्हर आहेत त्यात.”

“छापायला काय लागतं?” तो म्हणाला. “आत चार असतील, त्याही ढिल्या. वजन सगळं बाहेरच्या लोखंडाचं. हातोडा मारला तर टिकेल हे. तारेला काय, तार आत जाते.”

“आणि खूण राहत नाही?”

“बाहेर कशाला राहील? आणि हे दाबलं की लागतं, बंद करायलाही किल्ली लागत नाही.”

तळपायाची आग मस्तकात गेली. डब्यावर खोटं छापणाऱ्या कंपनीचा राग, कुलूप तळहातावर झेलून मान डोलावणाऱ्या आम्हा सगळ्यांचा राग, आणि त्या रविवारी कुलूप हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचा सगळ्यात जास्त. त्या माणसाला तर मी जोड्यानेच मारलं असतं.

पुढच्याच रविवारी त्या किल्लीवाल्याला मी बसने धुळ्याला नेलं. समाजमंदिरात समिती बसवली, गल्ली गोळा केली. अक्कांनाही निरोप धाडला, पण त्या आल्या नाहीत. किल्लीवाल्याने सगळ्यांसमोर समाजमंदिराचं कुलूप उघडलं. मग लोक आपापल्या घरची कुलपं घेऊन आले. जड, चकचकीत, परदेशी नाव कोरलेली. पटापट उघडत गेली. एक तर त्याने तारेनेही नाही, पत्र्याची पट्टी कुलपाच्या कडीशेजारी सरकवून उघडलं. आबांच्या घरचं जुनं, हलकं, सुपारीएवढं वाटणारं कुलूप मात्र हट्टाला पेटलं. त्याला अर्धा तास लागला आणि किल्लीवाल्याचं बोट कापलं.

मला वाटलं होतं, आता माना खाली जातील. लोक हसत होते. मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. “काय हात शे गड्या याना,” असं म्हणत होते. आबांनी आपलं कुलूप सगळ्यांना फिरवून दाखवलं. मग नवीन कुलूप कोणतं घ्यावं याची चर्चा सुरू झाली, बैल गेला आणि झोपा केला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “अक्कांचं काय?” माझा आवाज चढला होता.

“तिना काय?” आबा म्हणाले. “आपण तं तवाच सोडी दिधं.”

मी तिथून निघालो आणि थेट अक्कांकडे गेलो. त्या ओट्यावर भेंडी चिरत बसल्या होत्या. मी घाईघाईने सगळं सांगितलं, तारा, पट्टी, चार ढिल्या लिव्हर. म्हणालो, “अक्का, सिद्ध झालं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं. चूक माझी होती, ते वाक्य मी बोललो होतो.” मला माफी हवी होती, आणि खरं सांगायचं तर थोडी शाबासकीही हवी होती. जळगावहून माणूस आणला होता ना मी.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. विळीवरची भेंडी संपवली. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “भाऊ, त्याले ते कुलूप उघडता उनं नसतं, तं मंग मी चोर व्हती का?”

मी ओट्याच्या पायरीवर उभा होतो. त्या दुसरी भेंडी घेऊन चिरायला लागल्या.