बी.ए.चे झिंगे

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मी चांदा जिल्ह्यात, मूल गावाकडच्या जंगलातल्या एका खेड्यात मास्तर होतो आणि दर रविवारी कोट चढवून, मोटारीनं चांद्याला विद्यापीठाच्या वर्गाला जायचो. आपण बी.ए. होणार, हे मी गावभर सांगून ठेवलं होतं. गावानं त्यातलं एवढंच ऐकलं, की गुरुजी दर रविवारी चांद्याला जातात. चांद्याला जाणाऱ्यानं सगळ्यांचं सामान आणायचं, हा आमच्याकडचा रिवाज. वर्ग सुटेपर्यंत बाजार उठायचा, म्हणून कंदिलाच्या काचा, नांगराचे फाळ आणि वाळलेले झिंगे, म्हणजे सुकट, आधीच घेऊन मी पिशव्यांसकट वर्गात बसायचो. माझ्या आजूबाजूचे बाक नेहमी रिकामे असत. हा माझ्या कोटाचा दरारा, अशी माझी समजूत. एकदा प्राध्यापकांनी नाकाला रुमाल लावून पिशवी बाहेर ठेवायला सांगितली, तेव्हा दरारा कशाचा होता ते कळलं.

वर्षाअखेर मी बी.ए.च्या परीक्षेत नापास झालो. तोंड लपवत गावात शिरलो, तर बातमी माझ्याआधीच पोचलेली. शेजारच्या बाई ओट्यावरून हसत म्हणाल्या, "बरं झालं गुरुजी! पास झाले असते त आमाले झिंगे कोनं आनले असते?"