तार बसेपर्यंत

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, खोटं बोलता येत नाही. वहिनी होती तेव्हा चिमूटभर साखर चोरून खाल्ली तरी त्याच्या तोंडावर दिसायची. तोच दादा म्हातारपणी व्हायोलिनच्या तारांवरून सर्रास थापा मारू लागला.

जिन्याखालच्या खोलीत तो तारा बदलून देतो. नवी तार सुरुवातीला ताणत राहते, सूर उतरतो, तिला बसायला दोन-तीन दिवस लागतात. इथवर खरं. पण भूगोल शिकवणाऱ्या बाईंची तार आठवडा उलटला तरी बसायची नाही. चारही झिजलेल्या असल्या तरी हा महिन्याला एकच बदलायचा. "अजून उतरतेय हो, उद्या परत आणा," म्हणत खुंटी पिळल्याचं नाटक करायचा. बाई संध्याकाळी यायच्या, चहा व्हायचा, थोडं वाजवायच्या. त्या गेल्या की खोली खायला उठायची.

"दादा, अशानं दुकानाचं नाव जाईल," मी म्हणायची.

"जाऊ दे. दुपारपासून कान दाराकडे असतात माझे."

एका रविवारी मी तिथे असतानाच बाई नव्या तारा आणि बदलीची बातमी घेऊन आल्या. "काका, तिकडे तारा बदलून देणारं कुणी नाही. मला शिकवाल?"

दादाचा चेहरा उतरला. शिकवलं की तारांच्या निमित्तानंही त्या परत यायच्या नाहीत. मला वाटलं, आता हा टाळाटाळ करणार. पण त्यानं व्हायोलिन त्यांच्याच मांडीवर ठेवलं.

"चारही तारा एकदम काढायच्या नाहीत. घोडी, म्हणजे तारा पेलणारी ही पट्टी, पडते, आतली आधाराची काडीही पडते. एक काढा, एक लावा, मग दुसरी. घोडीच्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. वाजवून झालं की गजाची तारांवर पडलेली राळ पुसा."

हातचं काही राखलं नाही त्यानं. बाईंनी चारही तारा स्वतः लावल्या, सूर जुळवले आणि हसल्या.

"दोन-तीन दिवसांत बसतीलच. ते मला पहिल्या तारेपासून ठाऊक होतं, काका."

"मग रोज यायचात कशाला?" न राहवून मीच विचारलं.

"खोलीवर जाऊन तरी काय करणार होते?"

त्या गेल्या. दादा स्वच्छ टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "उगाच खोटं बोललो. नुसतं 'या' म्हटलं असतं, तरी आल्या असत्या गं."