सगुणबाबांच्या धुक्यातली पाठमोरी

या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर मिठागरातला तो धुक्याचा फोटो घालायचा आणि खाली 'मनोरमा' असे छापायचे, हे ठरवताना मला कोणी विचारले? मनोरमा माझी धाकटी जाऊ. फोटोतली बाई पाठमोरी आहे. तोंड दिसत नाही, कानातले दिसत नाही. डोक्यावर मिठाची पाटी, अंगावर हिरवी साडी आणि पुढे सगळे पांढरे, एवढेच दिसते. मग ती मनोरमा कशावरून? ती मी आहे. हे आधी लिहून टाकले. आता नमस्कार करते.

श्री. सगुणबाब यांच्या पंचाहत्तरीसाठी जमलेल्या सर्व मंडळींना रुक्मिणीचा नमस्कार. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, नंतर मिठाच्या आगरात. संपादकांनी ऱ्हस्वदीर्घ सुधारावे, मजकूर सुधारू नये.

सगुणबाब कोरगावचे. पोस्टात नोकरी करायचे. त्यांची माझी पहिली ओळख भांडणाने झाली. पौषातली सकाळ होती. खाडीवरून धुके असे चढले होते की आगराच्या बांधावरचा माणूस चार पावलांवर दिसत नव्हता. त्यात गळ्यात कॅमेरा अडकवून एक गृहस्थ बूट घालून सरळ बांधावर आले. आमच्याकडे आगरात पायताण चालत नाही. लोकांच्या पानात जायचे मीठ ते.

मी ओरडले, "ए बाबा, आदी बूट काड! जेवतस थंय बूट घालून बसतस काय?"

त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली आणि चिखलात पाय ठेवला.

"वयनी, पाणी बर्फासारख्यां आसा."

"मगे घराकडे जा. तुका कोणी आवतण दिल्लां?"

ते गेले नाहीत. ऊन डोंगराआडून वर येईपर्यंत अनवाणी उभे राहिले. त्या दिवसापासून दर हिवाळ्यात आले, पण बूट घालून कधी आले नाहीत. त्यांचा हा गुण मी मानते. एकदा सांगितले की पुरे. माझ्या घरातल्या पुरुषांना तेच दहादा सांगावे लागे.

त्यांची कामाची रीत मी जवळून पाहिली आहे. आल्या आल्या कॅमेरा पिशवीतून काढून टॉवेलावर ठेवायचे आणि हात लावायचे नाहीत. वाटेवरच्या गारठ्यातून एकदम खाडीच्या दमट हवेत आला की काच घामेजते म्हणे. काच शांत होईपर्यंत स्वतः गप्प बसायचे. मी चहा आणि उंडे पाव दिले तर म्हणायचे, "फोटो झाल्यावर." तोवर चहा थंड. मनोरमेने दिला तर मात्र गरम असताना प्यायचे. ते का, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

कोणाकडून मुद्दाम काही करवून घेणे त्यांना पटत नसे. एकदा पणजीहून दुसरा एक फोटोवाला आला होता. मला म्हणाला, "आजी, पाटी खाली ठेवा, परत उचला आणि जरा हसा." मी काही बोलायच्या आधी सगुणबाब म्हणाले, "तेंचां वझां उचलून झालां. आता परत उचलूक जाय तर तुमी उचला." तो हसला आणि दुसरीकडे वळला.

मांद्र्याच्या किनाऱ्यावर उजाडताना अंडी घालायला आलेले कासव दिसले, तेव्हा बाकीचे फोटोवाले कॅमेरे घेऊन धावले. सगुणबाब कासवाकडे पाठ करून वाळूत बसले. म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीत कोणी कॅमेरो घेऊन जातां?" लोकांनी ही गोष्ट फार वाखाणली. मीही वाखाणते. पण कासवाची एवढी अब्रू राखणाऱ्या माणसाने रापणीचे जाळे ओढणाऱ्या एकूण एक पुरुषाला फोटोत चेहरा दिला आणि आम्हां बायकांना पाठ, हेही नोंदवून ठेवते.

त्यांचा एक उपकार मी विसरणार नाही. माझे यजमान वारले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. मी मागितले नव्हते. सगुणबाबांनी आपली जुनी रिळे उपसली आणि केरीच्या किनाऱ्यावरच्या एका फोटोच्या कोपऱ्यात आमचे यजमान शोधून काढले. होडीला टेकून कुत्र्याला हाकलत होते. तेवढेच मोठे करून, चौकटीत बसवून स्वतः आणून जनेलाशेजारी, खिडकीपाशी, खिळा ठोकून लावले. खिळाही घरून आणला होता. फोटोत माणूस शांत स्वभावाचा वाटतो. सगुणबाबांची कला मोठी, ती अशी.

आता मुद्द्यावर येते. आमच्या सासूबाई चवथीला सगळ्या सुनांना एकसारख्या साड्या घ्यायच्या. एक भारी, एक हलकी नको, घरात भांडण नको म्हणून. एका वर्षी हिरव्या, लाल काठाच्या घेतल्या. नव्या असताना सणाला, जुन्या झाल्या की आगरात. फोटो काढला त्या सकाळी मी आणि मनोरमा दोघीही त्याच साड्या नेसून मीठ वाहत होतो. ती पुढे गेली की मी मागे, मी पुढे गेले की ती मागे. सगुणबाबांनी एकच फोटो काढला.

तो फोटो पुढे पणजीत मोठ्या दालनात लागला. लोकांना आवडला. फोटोतल्या बाईचा सत्कार करायचा ठरले आणि गाडी आमच्या दारात आली. मी तेव्हा डिचोलीला, लेकीच्या बाळंतपणाला. घरात मनोरमा. कोणी तरी म्हणाले, "फोटोतली बाई हीच," ती बसली गाडीत. शाल घेऊन आली, नारळ घेऊन आली. नारळ तरी सगळ्यांनी खाल्ला. शाल ती हिवाळ्यात कोणी पाहुणा आला की पांघरते, थंडी असो नसो.

मी परत आल्यावर तिला विचारले, "गो, ती तू कशावरून?"

म्हणाली, "वयनी, मगे ती तू कशावरून?"

खरे सांगायचे तर, स्वतःची पाठ कोणी पाहिलेली असते? पण तिनेही तिची पाहिलेली नाही.

मी सगुणबाबांना कितीदा तरी विचारले. ते हसतात. एकदा म्हणाले, "वयनी, धुक्यात माका दोनी साडयो सारक्योच दिसल्यो."

मी म्हटले, "साडयो सारक्यो. बायलो न्हय."

ते कॅमेरा पुसत राहिले. ज्या माणसाला फोटोच्या कोपऱ्यात माझा नवरा सापडतो, त्याला समोर चालणारी मी ओळखता येत नाही, हे मला पटत नाही. त्यांना ठाऊक आहे. दोन जावांच्या मध्ये पडायचे नाही म्हणून गप्प आहेत. हा त्यांचा चांगुलपणा असेल, पण त्या चांगुलपणाची शाल मनोरमेच्या अंगावर आहे.

आता आमचा आगर बंद आहे. काम करतानाचा माझा दुसरा फोटो कुठेही नाही. तो एक आहे, आणि तुम्ही त्याच्याखाली तिचे नाव घालून पुस्तक घरोघर वाटणार.

सगुणबाबांना देवाने भरपूर आयुष्य द्यावे. त्यांचे गुडघे चिखलात उतरायला धड राहोत, डोळ्यांना धुक्यातले दिसो, आणि त्यांच्या घरच्या बाईंना त्यांच्या पहाटेच्या खोकल्याचा त्रास कमी होवो. शंभर हिवाळे पाहावेत. पण माझे तेवढे उरलेले नाहीत. तेव्हा संपादकांनी फोटोखालची जागा रिकामी ठेवायची आणि छापायला देण्यापूर्वी कोरा कागद सगुणबाबांपुढे धरायचा. नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचे. माझे असेल तर माझे, तिचे असेल तर तिचे, मी परत विचारणार नाही. 'धुके होते' असे लिहिलेले चालणार नाही. गौरव समितीने मध्ये बोलायचे नाही. आणि मनोरमे, तुला हे कोणी तरी वाचून दाखवणारच, तर ऐक. तुला कोणी विचारलेले नाही. उत्तर सगुणबाब देतील.