टाऊन कुठून सुरू होतं

गिरण्यांचा संप सुरू होऊन सहा-सात महिने झाले होते. मी सातवीत होते. इंग्रजीच्या बाईंनी 'माय टाऊन' या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या.

लालबागच्या आमच्या खोलीत इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, पण टाऊन हा शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडात होता. शेजारच्या काकू संपामुळे टाऊनला धुणीभांडी करायला जाऊ लागल्या होत्या. मी बाबांना विचारलं, "आपण टाऊनमध्ये राहतो का?"

"छे! टाऊन तिकडे. साहेबलोकांचं."

"तिकडे म्हणजे कुठून सुरू होतं?"

बाबा विचारात पडले. गिरणीत ते विणकर होते. वीस वर्षं त्यांनी पाळी चुकवली नव्हती. आता दिवसभर रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नसे. सारखे आईच्या पायात येत. आई म्हणाली, "अहो, पोरीला दाखवूनच आणा ना. तेवढीच मला जरा उसंत."

"चल गो," बाबा म्हणाले, "बघून येऊया."

रविवारी सकाळी आम्ही चालत निघालो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. भायखळ्याला एका केळीवाल्याला त्यांनी विचारलं, "टाऊन आलं का?" तो म्हणाला, "अजून लांब आहे, मामा." महंमद अली रोडवर पानवाला म्हणाला, "टाऊन तो आगे है, क्रॉफर्ड मार्केट के बाद." मार्केट मागे पडलं. बोरीबंदरला एक हवालदार उभा होता. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे फोर्ट. टाऊन कसलं शोधताय?" बाबा माझ्याकडे बघून हसले. संप सुरू झाल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

फोर्टात एका दगडी इमारतीपाशी ते थांबले. दाराशी पितळी पाटी होती. तिच्यावरची अक्षरं मी ओळखली. बाबांच्या पगाराच्या चिठ्ठीवर असायची तीच. आमच्या गिरणीचं हेड ऑफिस इथे होतं, आणि बाबा ते पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि नुसते उभे राहिले. जरा वेळाने आतून वॉचमन आला. "काय पाहिजे?"

मला वाटलं, बाबा काहीतरी बोलतील. आमच्या चाळीत मालकांबद्दल रोज जे बोललं जायचं त्यातलं काहीतरी.

"काय नाय," बाबा म्हणाले. "मुलीला टाऊन दाखवतोय."

वॉचमनही आमच्यासारखा कोकणातलाच निघाला. त्याने आम्हाला आतल्या माठातलं पाणी दिलं. बाबा दोन ग्लास प्यायले. मग आम्ही पुढे निघालो. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता, आणि इतकी मोठी झालेली असूनही मी तो सोडवून घेतला नाही.

कुलाब्याला पोचेपर्यंत माझे पाय भरून आले. बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारी कोळीण माशांची पाटी घेऊन बसली होती. बाबांनी शेवटचं म्हणून तिला विचारलं.

"टाऊन?" ती म्हणाली. "आमी कुलाब्याचे. टाऊन-बिऊन मला ठाव नाय. हितून पुढं दर्या हाय."

येताना आम्ही बसने आलो.

मी वहीत लिहिलं, की मी टाऊन शोधलं पण ते सापडलं नाही. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. टाऊनमध्ये नदी हवी, पोस्ट हवं, बाजार हवा, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी नदी घालून दहा ओळी पुन्हा लिहिल्या.

संप कधी संपला असं झालंच नाही. बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. त्यांना शिवडीला एका गोदामात काम मिळालं आणि तिथेच त्यांचं वय झालं. मी लग्न करून डोंबिवलीला आले. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमची सून टाऊनची आहे हो, लालबागची." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले होते. नंतर डोळे भरून आले.

पुढे एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. एका दुपारी तिथल्या जाड शब्दकोशात मी तो शब्द काढला. फार जुन्या काळी टाऊनचा अर्थ होता कुंपण. मग कुंपणातली जागा, मग त्या जागेतलं घर-शिवार, मग वाडी, गाव, आणि शेवटी शहर. जर्मन भाषेत त्याच्याच भावकीतला शब्द अजूनही कुंपणालाच वापरतात.

बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. घरी आल्याआल्या मी त्यांना सांगितलं.

"कुंपण?" ते खुर्चीत सावरून बसले. "अगो, मग तुझ्या आजोबांनी गावी जन्मभर टाऊनच घातलं की!"

माझी मुलगी तिथेच अभ्यास करत होती. तिने विचारलं, "कसं घालतात?"

मग बाबा सांगू लागले. आधी खुंट रोवायचे, हातभर खोल. आडव्या काठ्या बांधायच्या. त्यात करवंदीची काटेरी डहाळी खालून वर गुंफत न्यायची, एक आतून, एक बाहेरून. सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत चालत होते, आणि मुलगी पेन खाली ठेवून बघत होती.